पोरगी तिथं करते तरी काय?

"काय गो ताई, त्या कालिन्याच्या कॉलेजात रातीबी शिकवतात काय?" मावशींनी जाळीपलीकडून विचारलं, आणि मी ओळखलं की आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू सकाळीच इथं येऊन गेलेल्या आहेत.

द्रोणागिरीत अलीकडे सेक्टर, पलीकडे गावठाण आणि मध्ये तारेची जाळी, अशी आमची मांडणी. जाळीच्या त्या अंगाला मावशींचे बोंबील वाळतात, या अंगाला काकूंचे टॉवेल. त्या शेजारावरून सोसायटीच्या मीटिंगा झाल्या, निर्णय एकही झाला नाही. बातम्यांना मात्र जाळी कधी आडवी आली नाही.

आजची बातमी मावशींच्या नातीची. पोरगी बीए झाली ती इथंच, फुंड्याच्या वीर वाजेकर कॉलेजात. कॉलेज रयत शिक्षण संस्थेचं, घरापासून पायी जाण्यासारखं. तोवर सगळं ठीक होतं, दुपारी जेवायला पोरगी घरात असायची. आता मुंबई विद्यापीठात, कालिन्याला, एमए मराठी. सकाळी जी जाते ती रात्री नऊला उगवते. काकूंनी कुठूनसं शोधून काढलंय की तिथली लेक्चरं दुपारीच सुटतात. मग मधले एवढे तास पोरगी तिथं करते तरी काय?

"मावशी, त्यातले चार तास तर येण्याजाण्यात जातात," मी म्हटलं. द्रोणागिरीहून नेरुळ, तिथं हार्बर पकडून कुर्ला, कुर्ल्याहून बस नाहीतर शेअर रिक्षा. इकडची गाडी चुकली की पुढचीची वाट बघत फलाटावरचे डास मारायचे.

"ते झालं चार. बाकीचे?"

मावशी शाळेत गेल्या नाहीत, पण हिशेबात त्यांना कुणी फसवलेलं नाही.

बाकीच्या तासांचंच तर सगळं आहे. मी स्वतः त्या कॅम्पसवर दोन वर्षं काढली, म्हणून सांगते. लेक्चर ही तिथली सर्वात छोटी गोष्ट. रानडे भवनातला वर्ग सुटला की सर जिन्यात सापडतात, आणि वर्गात जे विचारायला लाज वाटली ते जिन्यात विचारता येतं. मग कँटीन. एक चहा, चार ग्लास, आणि कुणीतरी नेमाड्यांवर तावातावानं बोलत असतं, पुस्तक निम्मंच वाचलेलं असलं तरी. चार वाजता कुणा पाहुण्यांचं व्याख्यान, म्हणजे साडेचारला. युवा महोत्सव जवळ आला की कुठल्याही झाडाखाली एकांकिकेची तालीम. जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात नेट-सेटवाले एका बाजूला, एमपीएससीवाले दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या टेबलावर प्रेमात पडलेले. (हे शेवटचं मी मावशींना सांगितलं नाही.)

वसतिगृहात राहणाऱ्या लातूर-नंदुरबारच्या पोरांना हे सगळं मिळतं. पार्ल्या-अंधेरीच्या पोरांनाही मिळतं, ती जेवायला घरी जाऊन परत येऊ शकतात. उरणची, पालघरची, कर्जतची पोरं मात्र जिन्यातल्या सरांना अर्ध्यात तोडून पळतात, कारण गाडी. पदवी दोघांनाही सारखीच मिळते, विद्यापीठ मात्र एकालाच भेटतं. मावशींच्या नातीनं हे पहिल्या सत्रातच ओळखलं आणि काही दिवस मुद्दाम उशिराची गाडी धरायची ठरवलं, एवढीच तिची भानगड.

"मग घरी बसून करायचं ना एमए!" हा आवाज वरून आला. काकू टॉवेल काढायच्या निमित्तानं गॅलरीत आल्याच होत्या. "आयडॉल आहे की. आमच्या भाच्यानं तसंच केलं."

काकूंचं चूक नव्हतं. मुंबई विद्यापीठाचं पत्राद्वारे शिक्षण १९७१ सालापासूनचं, आता त्या आयडॉलचं नाव सीडीओई झालंय, आणि नोकरी करता करता त्यातून पदवीधर झालेले हजारो आहेत. पण ज्या पोरीला घरातून बाहेर पडायचं आहे तिला पोस्टानं विद्यापीठ पाठवून काय उपयोग?

"केवढं हाय गो ते कॉलेज?" मावशींनी विषय जमिनीवर आणला.

"दोनशे एकरांच्या वर आहे."

"दोनशे?" मावशींचा हात बोंबलावरच थांबला. "कोनाच्या जमिनी गेल्या? साडेबारा टक्के मिलाले त्यांना?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तिथं दोन वर्षं वावरले, झाडं पाहिली, इमारती पाहिल्या, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. वर्गात कुणी विचारलाही नव्हता. उरण-पनवेलच्या माणसाला तो पहिला पडतो. जानेवारी १९८४ मध्ये जमिनींसाठीच्या आंदोलनात दास्तान फाट्याला आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे विकसित भूखंडाचे ते साडेबारा टक्के जमीन गेलेल्यांच्या पदरात पडले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील, त्यांचं नाव मावशी अजून पदर सावरून घेतात.

काकूंना इतिहासात रस नव्हता. "आणि तिथं राजकारण असतं म्हणे. मोर्चे, निवडणुका."

मी सांगितलं की कॉलेजातल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकातच बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आणल्या खऱ्या, पण कागदावर. सिनेटची निवडणूक होते, सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, पदवीधरांच्या दहाच्या दहा जागा ठाकऱ्यांच्या युवासेनेनं घेतल्या. त्यात मत द्यायचं तर आधी पदवीधर व्हावं लागतं आणि नावही नोंदवावं लागतं. काकू स्वतः बीकॉम. त्यांनी नाव नोंदवलं नव्हतं. त्या टॉवेल घेऊन आत गेल्या, पण दार उघडंच ठेवलं.

मावशींची खरी चिंता वेगळी होती, ती काकू आत गेल्यावर बाहेर आली. त्यांचे मालकही तरुणपणी मुंबईला कॉलेजात जायचे. तेव्हा इथं कसली गाडी? ती आली १२ जानेवारी २०२४ ला. त्यांचा रस्ता मोऱ्याहून लाँचनं भाऊच्या धक्क्यावर. मोरा बंदरात गाळ, त्यामुळे ओहोटीला लाँच लागेना. सकाळचं पहिलं लेक्चर भरतीवर ठरायचं. पावसात बंदरावर बावटा चढला की लाँचच बंद. एकदा परीक्षेच्या दिवशी ओहोटी लागली, आणि मालकांचं कॉलेज तिथंच संपलं. पुढे जेएनपीटीत लागले, घर उभं केलं, कुणाला बोल लावला नाही.

"पन आजून कॅलेंडर आनलं की आधी भरती-ओहोटी बघतात," मावशी म्हणाल्या. "नातीला रोज सांगतात, गाडी चुकवू नको, गाडी चुकवू नको. आनि ही मुद्दाम चुकवते."

मावशींच्या मालकांना हे कसं समजावायचं ते मलाही सुचेना. मग विषय बदलायला मी उगाच राजाबाई टॉवरची गोष्ट काढली. विद्यापीठाचं फोर्टातलं घड्याळ, प्रेमचंद रायचंद नावाच्या कापसाच्या दलालानं दोन लाख रुपये देऊन आईच्या नावानं बांधवलं, १८७८ मध्ये पुरं झालं. आई आंधळी होती, जैन असल्यानं सूर्यास्ताआधी जेवायची, तिला टोल ऐकून वेळ कळावी म्हणून मनोरा, अशी दंतकथा.

"दोन लाख दिले आनि नाव आईचं?" मावशी म्हणाल्या. "बायकोनं करू दिलं?"

इतक्यात नातच आली. शनिवार होता. तिनं जाळीजवळच सांगून टाकलं की लोकसाहित्याच्या पेपरला प्रकल्प आहे, आणि तिनं विषय घेतलाय आगरी लग्नात गायचे धवले. मावशी पंचक्रोशीतल्या नावाजलेल्या धवलारीण. त्यांच्याशिवाय इथं हळद लागत नाही. पोरगी संध्याकाळी ग्रंथालयात बसून धवल्यांवर कुणी काय लिहिलंय ते शोधत होती. लोककला अकादमीतल्या एका मॅडमना तिनं मोबाइलवरचं आजीचं गाणं ऐकवलं, तर त्यांनी तीनदा लावायला सांगितलं.

मावशी खूश झाल्या असं मला वाटलं. त्या चिडल्या होत्या.

"मोबाइलवर? अर्धवट? मांडव नाय, हलद नाय, नवरी नाय, आनि धवला लावला?"

"आजी, नमुन्यापुरता."

"नमुना भाजीचा असतो. आनि पुस्तकात काय लिवलंय?"

नातीनं थोडं वाचून दाखवलं. मावशींनी मध्येच थांबवलं. एक कडवं इथलं नव्हतं, करंज्याकडचं होतं, आणि देवांना बोलवायचा क्रम उलटा झाला होता. नात खाली बसून लिहून घ्यायला लागली. मावशी बोंबील उलटत एकेक चूक सांगत राहिल्या, आणि काकू, ज्या आत गेल्या होत्या, त्या जिना उतरून खाली आल्या.

"तुझ्या मॅडमला सांग," मावशी म्हणाल्या, "ऐकायचं तर माघात इथं ये. भावकीत लगीन हाय. हलदीची रात पुरी बसायचं, उठायचं नाय."

"आजी, त्यांना परत जायचं असतं गं. शेवटची गाडी..."

"चुकू दे! इथं निजायला जागा हाय."

"मीही येते हं त्या दिवशी," काकू म्हणाल्या. "पण मावशी, बोंबील तेवढे आत घ्या."