साहेब ते उमेदवार : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

गिरवण्यासाठी कित्ता म्हणून लेनर्ड वुल्फ (१८८०–१९६९) घ्यावेत. कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फचे यजमान ही त्यांची ओळख तूर्त बाजूला ठेवा.

प्रथम लंडनच्या ज्यू घरात जन्म घ्यावा. केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात शिकताना लेखक स्ट्रेची, अर्थतज्ज्ञ केन्स अशा मंडळींशी इतकं तत्त्वज्ञान झोडावं, की सरकारी परीक्षेत नंबर खाली घसरेल. घाबरू नये, सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, नोकरी मिळते. १९०४ मध्ये तिकडे नेण्यासाठी व्हॉल्तेअरचे ९० जाडजूड खंड आणि एक फॉक्स टेरिअर असावा. कुत्रा जास्त उपयोगी पडेल. व्हॉल्तेअरची चौकशी करणारा साहेब क्लबात भेटणं कठीण.

तमिळ आणि सिंहली शिकावी. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर गेलंच पाहिजे, असा हुकूम काढावा. कारकून मनातल्या मनात काय म्हणतात ते ऐकू नये. जाफन्यात घोड्यावरून चाबकाने रस्त्याकडे खूण कराल, तर मुद्दाम वकिलाच्या तोंडावर मारला अशी तक्रार वरपर्यंत जाईल. तुम्ही मारला नसेल. पण घोड्यावर तुम्ही, चाबूक तुमच्या हातात. समोरच्याने काय समजावं? हा धडा पक्का करा, बाकीचे त्यातूनच निघतात.

मन्नारला मोत्यांच्या हंगामात सडक्या शिंपल्यांच्या दुर्गंधीत उभं राहून वाटणी करावी : पाणबुड्याने वर काढलेल्या मालाचे तीन ढीग, दोन सरकारचे, एक त्याचा. कँडीला फाशीच्या वेळी हजर राहावं. तेही नोकरीतच मोडतं. मग १९०८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आतबाहेर, हंबनटोटाचा मुलूख ताब्यात येतो : मिठागरं, जंगल आणि सुमारे लाखभर माणसं. गुरांवर बुळकांडी आली की मोकाट जनावरं गोळी घालून मारावीत आणि गावकऱ्यांचे शिव्याशाप घ्यावेत. नियम बरोबर असतो. ज्याची म्हैस गेली त्याला तो पटवता येत नाही, आणि तुम्ही निरोगी मनाचे असाल तर हळूहळू तुम्हालाही पटेनासा होतो.

हे झालं की १९११ मध्ये रजेवर मायदेशी जावं, पुढच्या वर्षी राजीनामा द्यावा आणि लग्न करावं. होणारा नवरा ज्यू आहे आणि खिशाने फाटका, हे वधूनेच पत्रातून मैत्रिणीला कळवलेलं असेल. मनाला लावून घेऊ नये. १९१३ मध्ये सिलोनच्या खेड्यावर कादंबरी लिहावी, आणि तिच्या केंद्रस्थानी साहेब नव्हे, कज्ज्यात आणि कर्जात भरडला जाणारा शेतकरी ठेवावा. राजकारणातली आपली पात्रता इथे सिद्ध होते, पण ती कुणी विचारत नाही.

पुढचा टप्पा मजूर पक्ष. १९२२ मध्ये विद्यापीठांच्या मतदारसंघातून उभं राहावं आणि पडावं. खरं राजकारण दुसरीकडेच : पक्षाच्या आंतरराष्ट्रीय आणि वसाहतविषयक सल्लागार समित्यांचं चिटणीसपद, वर्षानुवर्षं. सिलोन, भारत, आफ्रिका यांना स्वराज्य द्या म्हणून टिपणं लिहावीत. पक्ष सत्तेत येतो, टिपणं कपाटात जातात. काही कळत नव्हतं तेव्हा लाखभर माणसं तुमच्या शब्दावर हलत होती. आता सगळं कळतं, तर शिपायाला चहा सांगायचीही सत्ता नाही.

अखेरीस आत्मचरित्राच्या शेवटच्या खंडात हिशेब मांडावा. वुल्फ यांनी तो मांडला : आयुष्यात पूर्णपणे निरुपयोगी ठरलेलं काम दीड ते दोन लाख तास. उमेदवारांनी आपला आकडा यापेक्षा कमी येईल असं धरून चालू नये.