क्लीनर साइड

औंढे-लोणावळा रस्त्यावरचा जुना पिकअप मागून पाहावा. बहुतेकदा तो डाव्या अंगाला, म्हणजे क्लीनर साइडला, बसलेला असतो. मालकाकडे कारणं तयारच असतात: रस्ता तिरका, टाकी त्या बाजूला, कंपनीचं कामच तसलं. माझ्या मते गाडी बसते, कारण मालकाला 'नाही' म्हणता येत नाही. असा माणूस मावळात गावोगाव सापडतो. आपण त्याला भाऊ म्हणू. इंद्रायणी तांदळाची पोती आली की भाऊ आधी 'टाका' म्हणतो आणि किती आहेत ते मग विचारतो. पोत्यांवर मांडववाल्याचे बांबू चढतात, बांबूंवर कुणाच्या तरी बंगल्याची रोपं, आणि रोपं धरायला माळी. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी असते, त्यामुळे माल डाव्या फाळक्यावरून येतो आणि पडेल तिथेच राहतो. पोतं मधे सरकवायचं काम क्लीनरचं, आणि क्लीनर भाऊने ठेवलेलाच नाही.

रस्त्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून डांबरी रस्ता मधे फुगीर ठेवतात. अडीच टक्के उतार धरला तर दीड मीटरवरच्या दोन चाकांत पावणेचार सेंटिमीटरचा फरक पडतो. पण गाडी देवळासमोरच्या सपाट फरशीवर रिकामी उभी करा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे टेप लावा. असं मोजलं की कमी हवेची सबबही उरत नाही. फरक तरीही राहिला, तर रस्ता निर्दोष सुटला. टाकीचं म्हणाल, तर पन्नास लिटर डिझेल जेमतेम बेचाळीस किलो भरतं, एका पोत्याहूनही कमी. आणि भाऊ डिझेल भरतो पाचशेचं. वजनानेच गाडी कलायची तर आधी ड्रायव्हर साइड बसायला हवी, कारण खुद्द भाऊ तिथे बसतो, आणि तो काही हलका माणूस नाही.

उरले स्प्रिंगचे पाटे. पोलादी पाट्याला लवचीकपणा असतो, पण त्याच बाजूला रोज जादा भार आला की कमान सपाट होते आणि माल उतरला तरी पुन्हा उभी राहत नाही. कधी एखादा पाटा तुटलेला असतो, कधी बुश झिजलेला. मिस्त्री सांगतो, दोन्हीकडचे पाटे एकदम बदला. भाऊ म्हणतो, 'एवढी खेप होऊ दे.' शेवटी तो फक्त डावीकडे एक जादा पाटा घालून घेतो आणि रिकामी गाडी उजवीकडे कलते. यावर त्याचं उत्तर, 'रिकामी फिरवतोय कोण?'

भाऊने पैसे वाचवले, असा आक्षेप कुणी घेईल. पण वाचवायला ते हातात यावे लागतात. निम्मं भाडं तर 'भात झाल्यावर देतो'वर अडकलेलं. तेव्हा फ्रिज न्यायचा असेल तर तो हौद्याच्या मधोमध ठेवा, आणि भाडं उतरताना तिथेच द्या.