गोपाळरावांचे गुण

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते शिकवण्यासाठी नव्हे, परीक्षा घेण्यासाठी. नमुना लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं काम कॉलेजांचं. विद्यापीठानं पेपर काढायचे, तपासायचे आणि झगे घालून पदव्या वाटायच्या. स्वतःच्या विभागांत शिकवायचं त्याच्या मनात यायला साठेक वर्षं गेली. समाजशास्त्र शिकवायला पॅट्रिक गेडिस आले ते १९१९ साली. म्हणजे आपल्याकडे परीक्षा हे थोरलं अपत्य आणि अध्यापन हे शेंडेफळ. तरी आमच्या स्टाफरूममध्ये दर उन्हाळ्यात कुणीतरी उसासा टाकतंच, ‘परीक्षांच्या धबडग्यात शिकवायला वेळच मिळत नाही हो!’ मी इतिहास शिकवते. मला यात नवं काही दिसत नाही.

पेपर तपासायला आम्ही ‘कॅप’ला जातो. पूर्वी गठ्ठे घरी यायचे. नवरे बेरजा ताडून बघायचे, मुलं पुरवण्या मोजायची, सासूबाई ‘याला एवढेच?’ म्हणून जाब विचारायच्या. आता गठ्ठे एका जागी असतात आणि प्राध्यापक त्यांच्या भेटीला जातात. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावावा, असं विद्यापीठ कायदा सांगतो. म्हणून दाराशी बसलेले कोऑर्डिनेटर तब्येतपाणी विचारत नाहीत. ‘मॅडम, आज किती होणार?’ एवढंच विचारतात.

त्या खोलीत माणसाचा खरा स्वभाव कळतो. चर्चासत्रात तीन पाहुण्यांचे आभार मानायला अर्धा तास घेणारे सर इथे एका पेपरला चहाच्या दोन घोटांइतका वेळ देतात. काही जण आधी पुरवण्यांचा दोरा चाचपतात आणि तिथेच त्यांचं मत बनतं. एक मॅडम प्रत्येक उत्तर शेवटपर्यंत वाचतात, शुद्धलेखन सुधारतात, समासात ‘छान!’ लिहितात. त्यांच्याशेजारी बसायला कुणी धजत नाही, कारण संध्याकाळी त्यांचा उरलेला गठ्ठा शेजाऱ्याकडे सरकतो.

अशा वेळी मला १८६२ सालच्या परीक्षकांचा हेवा वाटतो. त्या वर्षी विद्यापीठाचे पहिले बीए झाले. किती? चार. रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. चार पदवीधर! आमच्याकडे एवढे पेपर चहा येण्याआधीच हातावेगळे होतात. त्यातले भांडारकर पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि रानड्यांची उत्तरपत्रिका नमुना म्हणून थेट एडिंबरोला गेली, असं सांगतात. आमच्या गठ्ठ्यातली उत्तरपत्रिका फार तर पुनर्मूल्यांकनाला जाते.

त्याच रानड्यांवर प्रश्न आला की उत्तर ठरलेलं. ‘न्यायमूर्ती रानडे हे एक थोर समाजसुधारक होते. ते लहानपणापासूनच हुशार होते. त्यांनी समाजासाठी फार मोठे कार्य केले. अशा प्रकारे त्यांचे कार्य महत्त्वाचे आहे.’ यातलं एक अक्षरही चूक नाही. नाव खोडून फुले लिहा, कर्वे लिहा, शाहू महाराज लिहा. एक अक्षरही चूक होणार नाही. आणि यात मुलांचा काय दोष? मॉडेल आन्सरमध्ये आम्हीच लिहितो : प्रस्तावना २, कार्य ६, सारांश २. आमच्या गेल्या कितीतरी पिढ्या त्या सारांशाच्या दोन गुणांवर पदवीधर झाल्या आहेत.

हे धुकं तपासता तपासता डोळे मिटायला लागले होते, तेवढ्यात गोपाळराव भेटले.

प्रश्न होता, ‘गोपाळ गणेश आगरकर यांच्या सामाजिक विचारांची चर्चा करा.’ दहा गुण. उत्तराच्या पहिल्याच ओळीत गोपाळरावांनी १८४८ साली ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं लिहून समाजाचे कान उपटले. मी सरसावून बसले. पुढे त्यांनी ‘केसरी’चं पहिलं संपादकपद घेतलं, टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात गेले, बाहेर येऊन १८८८ साली ‘सुधारक’ काढला, कर्मठांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा डोळ्यांनी पाहिली, आणि एवढ्यानं न थकता १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन करून गांधीजींना राजकारणातले धडे दिले.

लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख, आगरकर आणि गोखले अशा तिघांचा हा एकच देह. लोकहितवादी जन्मले १८२३ साली, गोखले गेले १९१५ साली. म्हणजे गोपाळराव ९२ वर्षं जगले आणि एक दिवस रिकामे बसले नाहीत. अडचण फक्त १८९५ची, कारण त्या वर्षी आगरकर गेले. पण ज्यानं जिवंतपणी आपली तिरडी पाहिली तो आणखी वीस वर्षं काढणार नाही कशावरून?

मुलगा असं का करतो, तेही मला ठाऊक आहे. नव्या धोरणात हा पेपर दोन क्रेडिटचा झाला. एका क्रेडिटला पंधरा तास, म्हणजे एकूण तीस. त्यात अख्खं एकोणिसावं शतक बसवायचं, शिवाय चाचणी, प्रकल्प आणि ‘विद्यार्थी विचारांचे चिकित्सक विश्लेषण करू शकेल’ असं निष्पत्तीच्या तक्त्यात भरायचं. सगळे गोपाळ मिळून एका तासात उरकावे लागतात. तो तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा असला, तर मागच्या बाकापर्यंत जाता जाता त्यांचा एक होतो. रमाबाईंचं तर हे केव्हाच झालंय. पंडिता रमाबाईंचं लग्न रानड्यांशी लावून देणारं कुणी ना कुणी दर वर्षी भेटतं.

मी लाल पेनानं सहा गुण दिले.

मॉडरेटर सरांनी हिरवं पेन उघडलं. ‘मॅडम, सहा? आगरकरांचे यात चारच मुद्दे आहेत.’

‘पण सर, सालं बघा. सगळी बरोबर आहेत.’

‘माणसं चुकलीत ना!’

‘माणसंही बरोबर आहेत. फक्त जास्त आहेत.’

सरांनी दोन म्हटलं. मी म्हटलं, मघाच्या ‘लहानपणापासून हुशार’ला तुम्ही पाच ठेवलेत, चूक करायलासुद्धा या मुलाला काहीतरी वाचावं लागलंय. ते म्हणाले, वाचलेलं वेगळं आणि विचारलेलं वेगळं. प्रकरण चीफसाहेबांकडे गेलं. चीफ नियमाला पक्के. त्यांनी मॉडेल आन्सर उघडलं. तिघांना एकत्र केल्यास किती गुण, याची तरतूद त्यात नव्हती. मग त्यांनी चष्मा वर सरकवून मुद्द्याचा प्रश्न विचारला, ‘पुरवण्या किती?’

‘दोन.’

‘भरलेल्या?’

‘दुसरी अर्धी.’

‘मग असू द्या सहा. उद्या झेरॉक्स मागवून कोर्टात गेला तर?’

मी विजयी मुद्रेनं पुढचा पेपर उघडला. त्यातही गोपाळरावांनी १८४८ साली शतपत्रं लिहिली होती आणि १९०५ साली गांधीजींचे गुरू झाले होते. त्याच्या पुढच्यात तसंच, अगदी ‘कान उपटले’सकट. गठ्ठा एकाच केंद्रावरचा होता. परीक्षेच्या वर्गात पुढून मागे गोपाळराव हातोहात गेले असावेत, किंवा कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे ते एकगठ्ठा जन्मले असावेत. मॉडरेटर सर काही बोलले नाहीत. हिरवं पेन तेवढं टेबलावर वाजवत राहिले. मी मुकाट्यानं दोन, दोन, दोन देत सुटले. पहिल्याचे सहा आता हलवता येत नव्हते, कारण त्यावर चीफची सही झाली होती.

गठ्ठ्याच्या तळाशी एक पेपर होता. अक्षर गिचमिड, पुरवणी एकही नाही. सुरुवात ओळखीची : शतपत्रं, केसरी, डोंगरी. पण ‘सुधारक’च्या आधी गडी थबकला होता. एक ओळ मोकळी सोडून त्यानं लिहिलं होतं, ‘गोपाळराव बोलके सुधारक नव्हते. पोस्टात नोकरी करून त्यांनी आपली पत्नी आनंदीबाई हिला १८८३ साली डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेस पाठवले.’

गोपाळराव जोशी! चौथा!

मी पेपर मॉडरेटर सरांपुढे सरकवला. त्यांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग खुर्ची मागे ढकलून शेजारच्या टेबलावरच्या सरांना वाचून दाखवला, त्यांनी पलीकडच्या मॅडमना. हिरव्या पेनाचं टोपण लागलं.

‘बाकीच्यांनी उतरवलंय हो,’ सर म्हणाले, ‘यानं भर घातलीय. सात करा.’