नमुन्याची बडदास्त

एखाद्या जिल्ह्यातून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे निघालेला घशातल्या स्रावाचा नमुना म्हणजे घरचा जावई. आधी न गळणारी कुपी, कुपीभोवती चुकून सांडलंच तर टिपून घ्यायला कापूस, मग दुसरा घट्ट झाकणाचा डबा, गारव्याला बर्फाच्या लाद्या आणि सगळ्यांवर टणक खोका. खोक्यावर तिरक्या चौकोनात संयुक्त राष्ट्रांचा ३३७३ हा क्रमांक. (तुमचीआमची संयुक्त राष्ट्रांनी कधी साधी दखल तरी घेतली आहे का?) असलं वेष्टन १.२ मीटर उंचीवरून पडलं तरी फुटता कामा नये; जंतू अतिघातक असेल तर परीक्षा थेट ९ मीटरची. आपल्याकडे पुलांचीही परीक्षा होते म्हणा, पण उद्घाटनानंतर.

आता ज्याचा हा नमुना, त्याच तापकऱ्याला टोचलेल्या सुईचं बघा. नियम तिचेही आहेत, २०१६ सालचे, आणि वाचायला फार सुंदर आहेत. रक्तानं माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया आरपार जाणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. पिशवीला बारकोड, ती नेणाऱ्या गाडीला जीपीएस. माखलेला कापूस ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही. सुईलासुद्धा क्रमांक आहे बरं का, ३२९१! दवाखान्याच्या कचऱ्याचा तो क्रमांक. पण कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तो कोणाला ठाऊक असेल तर शपथ.

तिथे सुई तोडायचं यंत्र आहे, तपासणीच्या दिवशी ते पुसलंही जातं. एरवी सुई काळ्या पिशवीत, केळीच्या सालांसोबत, घंटागाडीत. इकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पडद्यावर कचऱ्याच्या गाडीचा जीपीएसचा ठिपका शहरभर इमानेइतबारे फिरतोय. सुई त्या गाडीत नाही, हे ठिपक्याला कोण सांगणार?

२००९ साली गुजरातेत मोडासा इथे वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस बी पसरला. सुईला परत यायचा रस्ता बरोबर माहीत असतो.

घंटागाडीच्या ताईंना तो रस्ता हातानेच कळतो.

‘‘मुकादम, हातमोज्यांचं काय झालं?’’

‘‘आलेत ना. कपाटात आहेत.’’

‘‘मग द्या की.’’

‘‘किल्ली साहेबांकडे, साहेब रजेवर.’’

तोवर अंगठ्याला फडकं बांधून पुढची गल्ली.

दवाखाना मात्र कागदाला पक्का. ३० जूनच्या आत वार्षिक अहवाल जातो. त्यात कचरा हाताळताना झालेल्या अपघातांचा रकाना असतो. समोर स्वच्छ अक्षरात ‘निरंक’. खोटं कशाला म्हणायचं? ताई कुठे त्यांच्या पगारपत्रकावर आहेत!