गुडघ्यांवरचा साधक

क्योतोच्या जुन्या गल्ल्यांत संध्याकाळी एखादा परदेशी माणूस भिंतीला धरून चालताना दिसला, तर गैरसमज करून घेऊ नये. तो प्यालेला आहे हे खरं, पण ओंजळभर हिरवा चहाच. चहाच्या शिकवणीहून तो परततोय आणि पायांत अजून रक्त पोचलेलं नाही, एवढंच.

तो ल्योंचा असो, सिडनीचा असो की कोथरूडचा, कुंडली एकच. ओकाकुरा काकुझोचं १९०६ सालचं ‘द बुक ऑफ टी’ त्याने वाचलेलं असतं आणि तेव्हापासून आपल्याला साधेपणाची ओढ आहे असं त्याच्या मनाने घेतलेलं असतं. चहाचा थोर गुरू रिक्यू याची गोष्ट तो भेटेल त्याला ऐकवतो. सेन नो रिक्यूच्या बागेतली निळी फुलं बघायला जपानचा सत्ताधीश हिदेयोशी आला, तर बागेत एकही फूल नाही. सगळी खुडलेली, आणि चहाच्या खोलीत फक्त एक! याच हिदेयोशीने १५९१ साली रिक्यूला पोट फाडून घ्यायला लावलं, हा पुढचा भाग तो सहसा गाळतो. साधेपणात बसत नाही.

तर अशा या साधकाला पहिल्या दिवशी चहा नाही, दार सरकवायला शिकवतात. गुडघ्यांवर बसून, तीन टप्प्यांत, हात बदलून. मग चालणं: तातामी चटईच्या काठावर पाय द्यायचा नाही. मग वाकणं, तेही कमीजास्त अशा तीन प्रकारांचं. मग फुकुसा, म्हणजे पुसण्याचं रेशमी फडकं, पुरुषाला जांभळं, बाईला लाल. त्याची घडी घालण्यात आठवडे जातात. त्या घडीने आधीच लखलखीत असलेली चहाची डबी पुसायची. हे कशासाठी, असं तो सुरुवातीला विचारतो. सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या आपल्या आज्यांना हा प्रश्न पडला नसता.

वर्गात वहीला बंदी, कारण हे हातांनी शिकायचं असतं. त्यामुळे साधकाला दर वीस मिनिटांनी लघवीला लागते. आत बसून तो भराभर लिहून काढतो.

मराठी नमुना थोडा वेगळा. पुण्यात जपानीच्या परीक्षा देऊन नोकरीसाठी आलेला हा गडी पहिल्या दिवशी खुशीत असतो. बसणं ना? हे तर आपलं वज्रासन! पण वज्रासन जेवणानंतर पाच मिनिटं करायचं असतं आणि इथे तासभर. दहाव्या मिनिटाला त्याला देव आठवतो, विसाव्या मिनिटाला पाय आपलेच आहेत का अशी शंका येते. शिवाय इथे गोड आधी संपवायचं आणि मग चहा. याने चहाबरोबर खायला अर्धा तुकडा राखून ठेवलेला. सेन्सेई बाई हसऱ्या चेहऱ्याने त्या तुकड्याकडे बघत राहतात. आपल्याकडे चहात घालतात त्या आल्याचा उल्लेख तो कुणाजवळही करत नाही.

खरं तर परदेशी गुडघ्यांची काळजी जपान्यांनी केव्हाच घेतली आहे. १८७२ साली क्योतोच्या प्रदर्शनात बाहेरचे पाहुणे येणार म्हणून उरासेन्के घराण्याच्या अकराव्या प्रमुखांनी, गेंगेन्साई यांनी, टेबल आणि स्टुलं मांडून चहा करायची रीतच बसवली. बाई अधूनमधून प्रेमाने तसं सुचवतात. ज्यांच्यासाठी ही सोय झाली त्यांचा वंशज मात्र दुखावला जातो. खुर्ची? मग घरीच नसतो का प्यायलो! त्याच्या शेजारी सत्तरीच्या दोन जपानी आजी निवांत स्टुलावर बसलेल्या असतात.

वर्षभरात तो पुरता कडवा होतो. भाड्याचा किमोनो घालून पाऊण तासात चहा ‘अनुभवणाऱ्या’ पर्यटकांना बघून तो तोंड फिरवतो. उरासेन्केत चहावर भरपूर फेस आणतात. ओमोतेसेन्केत थोडा भाग मोकळा ठेवतात. दोन्ही घराणी रिक्यूच्या नातवाच्या मुलांची, एकमेकांना लागून राहणारी, आणि गुण्यागोविंदाने नांदणारी. फेसावरून भांडतो तो आपला साधक. मला विचाराल तर हा माणूस इतका सुखी आयुष्यात कधी नव्हता. शांती राहिली बाजूला. त्याला चुका काढायला एक अख्खं विश्व मिळालंय.

चहा झाल्यावर पाहुणा बांबूच्या चमच्याचं नाव विचारतो. नामांकित चमच्यांना खरोखर नावं असतात. वर्गात विद्यार्थ्याने ऋतूला शोभेल असं काहीतरी काव्यमय सांगायचं. साधकाने हिवाळ्यात कुणाकडून तरी ऐकून एकच पाठ केलेलं: ‘हात्सुयुकी’, पहिला बर्फ. ऑगस्टात, क्योतोच्या मरणाच्या उकाड्यात, घाम पुसत त्याने तेच ठोकून दिलं. वर्ग चिडीचूप. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अहाहा, ऐकूनच किती गार वाटलं!”

कडक उन्हाळ्यात गारव्याची आठवण देणं हे इथे रसिकतेचं लक्षण मानतात. साधकाला हे ठाऊक नव्हतं, आता आहे. पुढच्या आठवड्यात ओसाकाहून आलेल्या एका नव्या मुलीला तो बजावत होता, की ऑगस्टात चमच्याला बर्फाचंच नाव द्यायचं, हा रिक्यूच्या काळापासूनचा नियम आहे. तिने ते तळहातावर लिहून घेतलं.