जोखमीच्या देशांच्या यादीस, बुलढाण्याहून

यादीबाई,

साथ आली की परदेशातून येणाऱ्या कोणाला विमानतळावर अडवायचं आणि कोणाला सोडायचं, हे तू ठरवतेस. आमच्या जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय विमानतळ नाही, त्यामुळे आपली समोरासमोर गाठ पडली नाही. पण तू सोडलेली माणसं मलकापूर-शेगावला गाडीतून उतरतात आणि एसटीनं गावोगाव जातात. तेव्हा तुझ्या कारभाराचा हिशेब मागायचा आम्हाला हक्क आहे.

डिसेंबर 2021 आठव. करोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची बातमी आली आणि तू थाटात मिरवायला लागलीस. दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना, झिम्बाब्वे, ब्रिटन, युरोपातले देश. तिथून आलेल्यानं उतरताच आरटीपीसीआर द्यायची, अहवालाची वाट बघत थांबायचं, तो निगेटिव्ह आला तरी सात दिवस घरात राहायचं आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी करायची. बाकी देशांच्या प्रवाशांत चाचणी फक्त शंभरात दोघांची. दुबई त्या बाकीच्यांत. 15 डिसेंबरला राज्यात चार नवे ओमायक्रॉन रुग्ण जाहीर झाले. त्यातला एक बुलढाणा जिल्ह्यातला, आणि तो प्रवास करून आला होता दुबईहून.

बरं, दुबईनं तुला पहिल्यांदा चकवलं असंही नाही. 1 मार्च 2020 ला पुण्याचं एक जोडपं तिथूनच परतलं. तेव्हाही तुझ्यात दुबई नव्हती. 9 मार्चला ते राज्यातले पहिले करोना रुग्ण ठरले. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी, सहप्रवासी आणि त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालकही बाधित निघाला. जगभरची विमानं जिथं एकमेकांना भेटतात, ते शहर पावणेदोन वर्षांनीही तुला दिसलं नाही?

माझा खरा राग वेगळाच आहे. विषाणू जिथं असतो तो देश तुझ्यात येत नाही. जो प्रामाणिकपणे शोधतो आणि सांगतो, तो येतो. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी नव्या प्रकाराची माहिती जगाला दिली आणि दोन-तीन दिवसांत त्यांच्या देशाची विमानं बंद झाली. पुढे कळलं, की नेदरलँड्समध्ये 19 नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यातही ओमायक्रॉन होता, म्हणजे त्या घोषणेच्या आधीच. खरं बोलणाऱ्याला तू शिक्षा केलीस. उद्या कोणता देश तोंड उघडेल?

तुझी जोडीदारीण ती कपाळावर रोखायची ताप मोजणारी बंदूक. 2020 च्या करोनाची लक्षणं दिसायला सरासरी पाच दिवस लागत, आणि पॅरासिटामॉल घेतलेल्याचा ताप तिला सापडत नाही. लंडनच्या संशोधकांनी फेब्रुवारी 2020 मध्येच गणित मांडलं होतं: शंभर बाधित प्रवाशांपैकी सुमारे 46 जण अशा तपासणीतून निसटतील.

निसटलेल्यांना मग शोधतं कोण? त्या डिसेंबरात राज्याच्या आरोग्य विभागानं 1 नोव्हेंबरपासून परदेशातून आलेल्यांचा माग गावपातळीवर काढला. हे काम तुझ्या काउंटरवर होत नाही. दारोदार फिरणारी आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स ते करतात. तू कोणत्याही देशाचं नाव घाल किंवा गाळ, पण प्रत्येक प्रवाशाचा फोन आणि तालुका उतरल्या दिवशीच जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे पोचव. आशाताईचा मोबदला वेळेवर दे. आणि दुबईत घाम गाळून गावी परतलेल्या माणसाला चाचणी घरी मिळू दे, म्हणजे तो लपणार नाही.

बुलढाण्याचा एक रहिवासी