तारीख पाहून चालणारी धरणं

मराठवाड्यात पाऊस कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आपण निदान धरणांच्या तारखा पक्क्या करून टाकल्या आहेत. नांदेड जिल्ह्यातला धर्माबादजवळचा बाभळी बंधारा घ्या. 14 दरवाजे, 2.74 टीएमसी क्षमता आणि खालच्या अंगाला तेलंगणातलं पोचमपाड धरण. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाप्रमाणे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर हे दरवाजे वर उचललेलेच ठेवायचे. म्हणजे गोदावरीला पाणी असतं तेव्हा बंधारा सताड उघडा, आणि पाऊस माघारी फिरला की दरवाजे खाली. मग जे काही झिरपत येईल ते आपलं. त्यातलंही 0.6 टीएमसी 1 मार्चला, उन्हाळ्याच्या तोंडावर, खाली सोडायचं. ठरल्या दिवशी दोन्ही राज्यांचे आणि केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी काठावर जमतात, दरवाजे वर जातात, सह्या होतात. इतकं वक्तशीर दुसरं सरकारी काम शोधून दाखवा! आता कुणी म्हणेल, तारीख नसती तर दरवर्षी भांडण झालं असतं. खरं आहे. जुलै 2010 मध्ये चंद्राबाबू नायडू आमदारांचा ताफा घेऊन बंधारा बघायला निघाले आणि धर्माबादेत स्थानबद्ध झाले, तेव्हा साध्या बंधाऱ्याला तीर्थक्षेत्राचं महत्त्व आलं होतं. तारखेवर वाद घालता येत नाही, हा तिचा मोठाच गुण. पण ज्या वर्षी पोचमपाड काठोकाठ भरून स्वतःच पाणी खाली सोडतं, त्या वर्षीही बाभळीचे दरवाजे वरच. पोचमपाडची पातळी रोज मोजली जाते. बाभळीच्या दरवाज्यांना ती विचारायची परवानगी नाही, एवढंच.

लातूरकरांना मात्र न्यायालयाकडे बोट दाखवायची सोय नाही. धनेगावचं मांजरा धरण सगळं आपलंच, परराज्याचा संबंध नाही. उपयुक्त साठा 176.96 दलघमी, शिवाय 47.13 मृतसाठा. एवढ्यावर लातूर शहर, एमआयडीसी, अंबाजोगाई, केज, कळंब, कालव्याखालचं रान आणि बॅकवॉटरला टाकलेल्या मोटारी. इथली तारीख 15 ऑक्टोबर. त्या दिवशीचा साठा बघायचा, पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं पिण्याचं पाणी राखून ठेवायचं, उरलेल्याचं कालवा सल्लागार समितीनं वाटप करायचं. कागदावर पिण्याला पहिला मान. प्रत्यक्षात रब्बीची पाणीपाळी धरण भरलेलं असताना सुटते आणि पिणाऱ्यांची पाळी मे महिन्यात, तळाशी पोचल्यावर येते. मान पहिला आणि पंगत शेवटची. शिवाय राखायचं ते एकाच वर्षाचं. पाऊस लागोपाठ दडी मारणार नाही, असं त्याच्याकडून लिहून घेतल्यासारखं. 2016 मध्ये मृतसाठाही आटला, टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेनं आलं.

पाऊसच पडला नाही, त्याला धरण काय करणार, हा नेहमीचा बचाव. पण सिंचन प्रकल्प सर्वसाधारणपणे 75 टक्के विश्वासार्हतेवर आखतात. चारातलं एक वर्ष तुटीचं जाणार हे आराखड्यातच गृहीत असतं. दुसरा सोपा मार्ग म्हणजे उसाला शिव्या देणं. पण सिंचनाच्या नावानं जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांच्या, आणि सोयाबीनचा भाव बघितला की माणूस ऊस का लावतो ते कळतं. त्याला हवंय ते आधी कळणं. अमुक पातळीच्या खाली उसाला पाळी नाही, हे ऑक्टोबरच्या लागणीआधीच जाहीर करा. लागण झाल्यावर बंदी घालणं म्हणजे नुसता छळ. आणि पिण्याचं थोडं पाणी पुढच्या वर्षासाठीही राखा. असं राखलेलं पाणी उन्हानं उडून जाईल, हा अभियंत्यांचा आक्षेप मात्र खराच. पसरट तलाव, मराठवाड्यातला मे, बरंच उडेल. पण रेल्वेची 50 वाघिणींची एक खेप 25 लाख लिटरची. मांजराच्या उपयुक्त साठ्याचा एक टक्का म्हणजे अशा सुमारे 700 खेपा. दहा टक्के राखले आणि त्यातले निम्मे उडाले, तरी काय उरतं ते ज्यानं त्यानं मांडून बघावं.

खरी अडचण पुढेच आहे. आधीचं पाणी शिल्लक असलं की धरण लवकर भरतं, आणि परतीचा पाऊस कोसळला की दरवाजे उघडावे लागतात. सप्टेंबर 2021 मध्ये मांजराकाठची शेतं अशीच पाण्याखाली गेली. म्हणून ऑगस्टात जागा थोडी रिकामी ठेवावी, असं पुस्तक सांगतं, आणि पुस्तक बरोबर आहे. पण ऑगस्टात मीटरभर धरण रिकामं ठेवणारा अभियंता मराठवाड्यात कोण होणार? पुढं पाऊस आला नाही तर मोर्चा त्याच्या दारात आणि चौकशी त्याच्या नावावर. भरून ठेवलं आणि पूर आला, तर अतिवृष्टी आहेच. तिची चौकशी होत नाही, पंचनामे होतात. हा हिशेब त्याला परिचालन सूचीपेक्षा नीट पाठ असतो. तो धरण भरतो, आणि पालकमंत्री जलपूजनाची तारीख देतात.